बसत नाही

पत्रात लिहिलंय, बसत नाही.
कवटी उघडली ते बसलं.
अकरा दिवस आयसीयू बसलं.
टाक्यांचा दोरासुद्धा बसला,
हातमोजे नाही बसले, साडेतीनशे कापले.
पण पुन्हा बोलायला शिकवणं,
धरून धरून जिना चढवणं,
कलम सात, पोटकलम ग,
बसत नाही.

हे स्वतः बसले एकोणिसाव्या दिवशी.
पाठीला दोन उशा, उजव्या अंगाला मी.
फिजिओच्या मुलीला पेढे दिले.
पेढ्यांची पावती नाही घेतली.

मी ह्यांचं नाव घेत नाही,
पण ह्या वर्षात शंभरदा लिहिलं असेल,
मोठ्या अक्षरात, एका चौकोनात एक:
मन्मथ शिवलिंग हालकुडे.
व्यवसाय: आडतीवर सौदा पुकारणे.
घटना: सोयाबीनच्या थप्पीवरून पडले,
सौदा चालू असताना.
खाली सिमेंटचा ओटा.

चोवीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात
ह्यांच्या गळ्यातून भाव निघायचा.
कोपऱ्यावरचा चहावाला
ह्यांच्या पहिल्या हाळीवर घड्याळ लावायचा.
आता पाण्याला घोंगडं म्हणतात.
मला म्हणतात पावती.
मी ओ देते.

औसा रोडला, लोखंडी जिन्याच्या वर,
कादरी मॅडमची खोली.
एका बैठकीचे सहाशे.
बैठक, तीही बसत नाही.
मॅडम चित्रं दाखवतात: छत्री, किल्ली, कप.
ह्यांनी जन्मात छत्री धरली नाही.
मी म्हटलं, मॅडम, पोतं दाखवा की एखादं.
त्या हसल्या. म्हणाल्या,
मोजणी आधी येईल, ताई. मोजणी खोल असते.

उमाकांत बिडवे, आमचे एजंट,
नऊ वर्षं मे महिन्यात ह्याच खुर्चीवर,
साखर कमी टाका म्हणायचे.
परवा उभ्या उभ्याच बोलले:
वहिनी, मेंदू कव्हर आहे.
बोलणं त्यात येत नाही.
कामून येत नाही, म्हटलं,
बोलणं काय गुडघ्यात असतंय का?
त्यांनी चप्पल शोधली.

मंगळवारी मीच फोन लावला.
हात पिठात, म्हणून स्पीकर चालू.
मराठीसाठी एक दाबा.
नवीन पॉलिसीसाठी दोन दाबा.
दाव्याच्या चौकशीसाठी तीन

‘तीन.’

मला वाटलं शेजारचा टीव्ही.

‘तीन. साडेतीन. साडेतीन हजार…’
खाटेवरून.
‘आठशे… नऊशे…
चार हजार!
बोला, चार हजार! चार हजार दहा!’
तोच. घोगरा, अर्धा तुटका,
पण पत्र्याला लागून परत येणारा.
कढईवरचं झाकण थरथरलं म्हणते मी,
कुणी खरं मानो न मानो.

तेवढ्यात फोनमधली मुलगी आली.
मॅडम, तुमच्या मागे खूप आवाज येतोय,
कोण बोलतंय?
मी म्हटलं, सदर रुग्ण.
म्हटलं, तुमच्याकडं रेकॉर्ड होतंय ना, बाई?
होऊ द्या. पूर्ण होऊ द्या.
ती जरा गप्प. मग, सुधारणा दिसतेय तर
उपचाराची गरज राहिली नाही असं
नोंदवू का?

मला काहीच सुचेना.
ती म्हणाली, होल्डवर ठेवते.
सतार सुरू झाली.

हे दहावर थांबलेले.
डावा हात वर. उजवा अजून मांडीवरच,
कुणाचा तरी ठेवलेला असल्यागत.
नजर फ्रिजवर, तिथं चाळीस व्यापारी.
दहावर एकदा.
दहावर दोनदा.
तिसरं काही म्हणेनात.
वाट बघूलालते, कुणी चढतंय का.

मी कधी मोंढ्यात पाय ठेवला नाही.
पिठाचा हात तसाच
वर केला.

वीस, म्हटलं.